मैदानाकाठचा कॅमेरा आणि पंचांवरचा संशय : नाशिकमधील एका सामना-चित्रीकरण सेवेचे परीक्षण

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा सामना संपला की हरलेल्या बाजूच्या पाठीराख्यांमध्ये पंचांविषयी जी चर्चा सुरू होते, तिचा साचा नाशिकमध्ये वर्षानुवर्षे तोच आहे. ‘पंच त्यांच्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी आहे’, ‘रेफरी म्हणजे त्यांचा बारावा गडी’, ‘सगळं आधीच सेटिंग झालेलं होतं’ ही वाक्ये गंगापूर रोडपासून देवळालीपर्यंत कोणत्याही मैदानाबाहेर, चहाच्या टपरीवर, ऐकायला मिळतात आणि ती बोलणाऱ्याला कधी कोणी पुरावा मागत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नाशिक विभागातील स्पर्धांमध्ये आमच्या महाविद्यालयाचा संघ नियमितपणे उतरतो आणि संघ-व्यवस्थापनाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे अशा तक्रारी लेखी स्वरूपातही माझ्या टेबलावर येतात. गेल्या हंगामात खेळाडूंच्या आग्रहाखातर आम्ही शहरातील एक सामना-चित्रीकरण सेवा भाड्याने घेतली. पंच खरोखर पक्षपात करतात की नाही, हे एकदाचे पडद्यावर दिसावे, एवढाच आग्रहामागचा हेतू होता. या सेवेचे हे परीक्षण त्याच एका कसोटीवर आहे; लग्नसमारंभ किंवा क्रिकेटच्या चित्रीकरणासाठी ती कशी आहे, याच्याशी येथे संबंध नाही. सेवा चालवणारी मंडळी तरुण आहेत, व्यवसाय नवा आहे आणि पुढे काही तक्रारी नोंदवल्या आहेत, म्हणून नाव देत नाही. ज्याला गरज आहे, त्याला कोणत्याही महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात विचारल्यावर असे दोन-तीन चित्रीकरणवाले सहज सापडतील, आणि खाली लिहिलेले बरेचसे त्या सर्वांना लागू पडेल.

सेवेचे स्वरूप असे आहे. सामन्याच्या अर्धा तास आधी दोन मुले येतात, मध्यरेषेच्या समोर, बाजूच्या रेषेपासून काही पावले मागे, तीन पायांचा उंच घडीचा खांब उभा करतात आणि त्याच्या टोकावर दोन भिंगांचा कॅमेरा बसवतात. एक भिंग डावे अर्धे मैदान टिपते, दुसरे उजवे, आणि संगणक ही दोन चित्रे एकत्र जोडून संपूर्ण मैदानाचे एकच रुंद चित्र तयार करतो. कॅमेऱ्यामागे माणूस उभा नसतो. चेंडू कुठे आहे हे आज्ञावलीच ओळखते आणि पाहताना चित्र आपोआप त्या बाजूला वळते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोबाइलवरच्या अॅपमध्ये सामना पाहायला मिळतो. सोबत गोल आणि गोलवर मारलेले फटके यांची वेगळी केलेली छोटी दृश्ये, चित्र संथ करण्याची सोय आणि हवा तो तुकडा कापून इतरांना पाठवण्याची सोय येते. अतिरिक्त पैसे दिले तर गोलखांबांच्या मागेही एकेक छोटा कॅमेरा लावून मिळतो.

भाड्याविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण ती आकड्यापेक्षा बोलकी आहे. एका सामन्याच्या चित्रीकरणाला आम्ही जेवढे पैसे मोजले, तेवढे मानधन त्या सामन्याच्या मुख्य पंचाला आणि दोन्ही सहायक पंचांना मिळूनही मिळत नाही. पंचांवर नजर ठेवण्यासाठी पंचांपेक्षा अधिक खर्च करण्याची ही व्यवस्था आमच्या प्राचार्यांनी देयकावर सही करताना बरोबर हेरली होती.

चित्राचा दर्जा, विशेषतः सकाळच्या सामन्यांत, चांगला आहे. थंडीच्या दिवसांत नाशिकमध्ये सकाळी लवकर धुके असते, तेव्हा पलीकडची बाजू अर्धवट पुसल्यासारखी दिसते, पण ऊन चढले की पाठीवरचे क्रमांकही वाचता येतात. पावसाळ्याची गोष्ट वेगळी. काळ्या मातीच्या मैदानावर चिखल झाला की विश्रांतीपर्यंत दोन्ही संघांच्या जर्सी एकाच रंगाच्या होतात आणि कॅमेऱ्याच्या आज्ञावलीचा गोंधळ सुरू होतो. चिखलाने माखलेला चेंडू तिला दिसत नाही, पण राखीव खेळाडू बाजूला ज्या स्वच्छ पांढऱ्या चेंडूने सराव करत असतात तो मात्र लगेच दिसतो. एका सामन्यात आमच्या बचावफळीची सर्वांत वादग्रस्त धडक होत असताना चित्र पूर्ण वेळ राखीव खेळाडूंच्या सरावावर स्थिर होते. सुदैवाने मूळ रुंद चित्र साठवलेले असते आणि मागणी केल्यावर ते मिळते; मात्र ते मागावे लागते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. जो कोणी ही सेवा घेईल त्याने पहिल्याच दिवशी ‘चेंडूमागे फिरणारे नको, संपूर्ण मैदानाचे द्या’ असे स्पष्ट सांगावे. पंचांच्या निर्णयाची तपासणी चेंडूपासून दूर घडलेल्या गोष्टींवरच अनेकदा अवलंबून असते, आणि चेंडूमागे फिरणाऱ्या चित्रात नेमक्या त्याच गोष्टी कापल्या जातात.

दुसरा दोष दोन चित्रांच्या जोडाचा. मध्यवर्तुळाच्या आसपास एक उभी अदृश्य शिवण आहे. चेंडू ती ओलांडताना क्षणभर दोन ठिकाणी दिसतो किंवा मधेच गडप होतो, आणि त्या जागी उभ्या असलेल्या खेळाडूचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो. मध्यरेषेवरच्या धडकेचा न्याय या चित्रावरून करू नये.

आता ज्यासाठी बहुतेक लोक ही सेवा घेतात, त्या ऑफसाइडकडे (पास दिला जातो त्या क्षणी आघाडीपटू शेवटच्या बचावपटूच्या पुढे असण्याकडे) वळतो. येथे ऑफसाइड ओळखता येण्याचा सेवेच्या जाहिरातीतील दावा आणि भूमिती यांचे पटत नाही. कॅमेरा मध्यरेषेसमोर आहे, असे समजा की मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद आहे (महाविद्यालयांची मैदाने प्रत्यक्षात त्याहून लहान आणि जराशी वेडीवाकडी असतात). पेनल्टीचा बिंदू गोलरेषेपासून 11 मीटरवर, म्हणजे मध्यरेषेपासून 41.5 मीटरवर येतो. एवढ्या अंतरावरच्या, गोलरेषेला समांतर असलेल्या कोणत्याही रेषेकडे हा कॅमेरा तिरकसच पाहतो. अलीकडच्या बाजूचा आघाडीपटू आणि पलीकडच्या बाजूचा शेवटचा बचावपटू यांच्यात कोण पुढे आहे, हे अशा चित्रावरून नुसत्या डोळ्यांनी ठरवणे अशक्य आहे, कारण मैदानावर संदर्भाला फक्कीने आखलेल्या ‘डी’च्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या, रेषांखेरीज काहीच नसते आणि त्याही दुसऱ्या सत्रापर्यंत निम्म्या पुसलेल्या असतात. याउलट सहायक पंच, तो आपल्या जागी असेल तर, शेवटच्या बचावपटूच्या अगदी रेषेत उभा असतो. म्हणजे या एका बाबतीत ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याचा कोन पुराव्याच्या कोनापेक्षा चांगला असतो.

त्यात वेगाचा प्रश्न मिसळतो. चित्र सेकंदाला 25 चौकटींचे (फ्रेमचे) आहे. सेकंदाला 8 मीटर वेगाने धावणारा खेळाडू दोन चौकटींच्या मध्ये 32 सेंटीमीटर पुढे सरकतो; बचावपटू त्याच वेळी उलट दिशेने तितक्याच वेगाने पुढे येत असेल, तर दोघांमधील अंतर एका चौकटीत 64 सेंटीमीटरने बदलते. पास देताना पाय चेंडूला नेमका कोणत्या चौकटीत लागला, हे चाळीस मीटरवरून घेतलेल्या चित्रात ठरवणे म्हणजे अंदाजच. आमच्या खेळाडूंनी एका गोलविषयी एक चौकट थांबवून, तिच्यावर बोटाने रेघ ओढून ‘हे बघा, दीड फूट मागे’ असा पुरावा तयार केला होता. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच गोलची पुढची चौकट थांबवली. दोन्ही चित्रे खरी होती.

या ठिकाणी सेवेबाबतचा एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रीकरण हातात आले म्हणून मैदानावरचा निर्णय बदलत नाही. फुटबॉलच्या नियमावलीतील पाचव्या नियमानुसार सामन्यातील घटनांबाबत मुख्य पंचाचा निर्णय अंतिम असतो, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर स्वतः पंचालाही तो फिरवता येत नाही. चित्रफीत पाहून निर्णय घेण्याची मुभा मार्च 2018 मध्ये नियमांत आली, त्याच वर्षीच्या रशियातील विश्वचषकात ‘व्हार’ (चित्रफीत पाहून मुख्य पंचाला मदत करणारा सहायक पंच) वापरले गेले, पण ती गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेली शिक्षा या चारच बाबींपुरती आणि उघड व स्पष्ट चुकीपुरती होती. शिवाय मान्यताप्राप्त यंत्रणा असलेल्या स्पर्धांनाच ती मिळते. कमी कॅमेऱ्यांच्या स्पर्धांसाठी प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा फेरतपासणी मागता येईल अशी साधी पद्धत 2024 मध्ये कोलंबियातील वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात चाचणी म्हणून वापरली गेली. ती कधी काळी जिल्हा पातळीवर उतरली, तर खांबावरच्या या कॅमेऱ्याला मोल येईल. सध्या आमच्याकडे तक्रार निवारण समितीसमोर चित्रफीत ठेवता येते, समिती ती पाहते, आणि खेळाडूची अपात्रता किंवा हाणामारी असा विषय नसेल तर ती परत करते. तिचे हे वागणे नियमाला धरूनच आहे.

कॅमेऱ्यांची संख्या वाढवली तर भांडण मिटते, असेही नाही. 3 मार्च 2023 रोजी बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत जादा वेळेमध्ये यजमान बंगळुरूच्या सुनील छेत्रीने समोरची भिंत आणि गोलरक्षक तयार होण्याआधीच फ्री किक मारून गोल केला, पंचांनी तो ग्राह्य धरला आणि प्रतिस्पर्धी केरळा ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. देशभर थेट प्रक्षेपण चालू होते, प्रत्येक कोनातून दृश्य उपलब्ध होते, तरीही वाद राहिलाच. कारण चेंडू जाळ्यात गेला की नाही हा प्रश्नच नव्हता, तर पंचांनी झटपट किक मारू द्यायला हवी होती का, हा होता. निकाल कायम राहिला, केरळच्या संघाला 4 कोटी रुपयांचा दंड झाला आणि त्याच्या प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली. आमच्या खेळाडूंपैकी अर्धे आजही छेत्रीच्या बाजूचे आहेत आणि अर्धे केरळच्या, आणि सर्वांनी तीच चित्रफीत पाहिलेली आहे.

सेवेच्या गुणदोषांबद्दल बोलताना अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा उल्लेख टाळता येत नाही. तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा पूर्ण निराळा, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा. परंतु महाविद्यालयाच्या संघावरील निष्ठा आणि पंचांवरील संशय या दोन्ही गोष्टी तेथे ज्या थराला गेल्या आहेत, त्या पाहता चित्रीकरणाकडून काय अपेक्षा करावी याचे धडे तेथेच मिळतात. नोव्हेंबर 1951 मध्ये प्रिन्सटन आणि डार्टमथ या दोन महाविद्यालयांचा सामना झाला. प्रिन्सटनचा नामांकित खेळाडू डिक काझमायर नाक मोडून बाहेर गेला, पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला, आणि नंतर कित्येक दिवस दोन्ही महाविद्यालयांची वर्तमानपत्रे एकमेकांवर घाणेरड्या खेळाचा आरोप करत राहिली. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची एकच चित्रफीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग नोंदवायला सांगितले. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार डार्टमथच्या संघाचे नियमभंग प्रिन्सटनच्या विद्यार्थ्यांना सरासरी 9.8 दिसले, तर डार्टमथच्या विद्यार्थ्यांना 4.3. कोणी खोटे बोलत नव्हते. ज्याला जे दिसले ते त्याने लिहिले.

हाच प्रयोग आम्ही नकळत आमच्या महाविद्यालयाच्या दृक्श्राव्य कक्षात केला. उपांत्य सामन्यातील पेनल्टीचा वाद मिटावा म्हणून प्रतिस्पर्धी महाविद्यालयाच्या खेळाडूंनाही आम्ही बोलावले होते. ‘डी’च्या डाव्या कोपऱ्यात आमच्या आघाडीपटूने मारलेला चेंडू त्यांच्या बचावपटूच्या कोपराच्या वर कुठेतरी लागला आणि पंचांनी खेळ चालू ठेवला, एवढीच घटना. पहिल्यांदा दृश्य दाखवले तेव्हा आमची मुले ‘हात बाहेर आहे, सर’ म्हणून ओरडली. त्यांच्या कर्णधाराने शांतपणे दृश्य मागे घ्यायला लावले आणि चेंडू आधी मांडीला लागून वर उडाला, हे दाखवले. मांडीला लागलेला तो क्षण आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता, मात्र आमच्या मुलांनी तो पाहिल्यावरही ‘मांडीला लागला म्हणून काय झालं, हात अंगाला चिकटलेला नाही ना’ असा नवा मुद्दा काढला. चर्चा तासभर चालली आणि जो जे मत घेऊन आला होता तो ते घेऊनच गेला. त्या तासात सेवेचा काहीही दोष नव्हता. चित्र स्वच्छ होते, कोन चांगला होता, गोलमागचा कॅमेराही लावलेला होता. हात ‘नैसर्गिक स्थितीत’ होता का, हा प्रश्न चित्राचा नसून निवाड्याचा आहे, आणि तो निवाडा करण्यासाठीच तर पंच नेमलेला असतो.

तरीही चित्रफितीमुळे न्याय झाल्याचे उदाहरण अमेरिकेतच आहे, आणि योगायोगाने त्यातही डार्टमथच आहे. त्या खेळात चेंडू पुढे नेण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. 16 नोव्हेंबर 1940 रोजी कॉर्नेलने शेवटच्या क्षणी गुण मिळवून 7-3 असा विजय मिळवला, पण तो गुण पंचांनी मोजण्यात चूक केल्यामुळे मिळालेल्या पाचव्या प्रयत्नावर आला होता. सामन्याची चित्रफीत पाहिल्यावर कॉर्नेलने स्वतःहून विजय सोडला आणि निकाल डार्टमथच्या बाजूने 3-0 असा नोंदवला गेला. प्रयत्न चार झाले की पाच, हे मोजता येते. तेथे चित्रफीत निर्विवाद बोलते. मात्र तेवढ्याने भागले नाही, जिंकलेल्या संघाने ती मान्य करणेही गरजेचे होते. पन्नास वर्षांनी, 6 ऑक्टोबर 1990 रोजी, कोलोरॅडोने मिझुरीविरुद्ध अगदी तसाच पाचव्या प्रयत्नावर 33-31 असा सामना जिंकला, तेव्हा त्यांनी विजय सोडला नाही आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदात वाटाही मिळवला. दोन्ही प्रसंगांत चित्रफीत तितकीच स्पष्ट होती.

तेथील पाठीराख्यांच्या संशयाचे मूळ पंचांच्या नेमणुकीत आहे, हेही येथे उपयोगी पडणारे आहे. पंच विद्यापीठांच्या गटांकडून, म्हणजे तेथील भाषेत परिषदांकडून, नेमले आणि तपासले जातात. ज्या परिषदेचा संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असेल त्या परिषदेच्या पंचांचा त्यात अप्रत्यक्ष फायदा असतो, असे लोक मानतात. 2009 मध्ये फ्लोरिडाचा अपराजित संघ अर्कान्सासविरुद्ध थोडक्यात वाचला, तेव्हा साउथईस्टर्न परिषदेने आपल्याच पंचांच्या चमूला चुकीच्या निर्णयांबद्दल निलंबित केले, आणि या निलंबनाने विश्वास वाढण्याऐवजी ‘बघा, आम्ही म्हणत होतोच’ असे म्हणणाऱ्यांना आधार मिळाला. चित्रफितीवर फेरतपासणीची पद्धत तेथे 2004 मध्ये बिग टेन परिषदेने प्रयोगादाखल सुरू केली आणि लवकरच सर्वत्र पसरली. तरी 31 ऑक्टोबर 2015 रोजी मायामीने ड्यूकविरुद्ध शेवटच्या खेळीत आठ वेळा चेंडू मागे फेकत गुण मिळवून 30-27 असा सामना जिंकला, फेरतपासणी कित्येक मिनिटे चालली, आणि तीत झालेल्या चुकांबद्दल मैदानावरच्या पंचांबरोबर पडद्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्यालाही दोन सामन्यांसाठी निलंबित व्हावे लागले. निकाल मात्र बदलला नाही. आपल्याकडे विभागीय सामन्यासाठी यजमान महाविद्यालय पंचांना फोन करते, तेच त्यांच्या नाश्त्याची सोय करते, तेच मानधनाचे पाकीट देते. हे सगळे अगदी सरळ मनाने होत असले तरी पाहुण्या संघाच्या मुलांना ते दिसत असते. खांबावरचा कॅमेरा ‘डी’कडे रोखलेला असतो, पाकिटाकडे नाही.

अॅपमधील संथ चित्राच्या सोयीबद्दल सावध राहायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे. धडक संथ करून पाहिली की ती जाणूनबुजून मारल्यासारखी वाटते; खेळाडूला विचार करायला भरपूर वेळ होता असा आभास होतो. 2016 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हेच दिसून आले की तीच कृती संथ गतीने पाहणाऱ्यांना ती अधिक हेतुपुरस्सर वाटते. चेंडू रेषेबाहेर गेला का, हाताला लागला का, यासाठी संथ चित्र जरूर वापरावे. धडक किती जोराची आणि कोणत्या हेतूने, यासाठी मूळ वेगच ठेवावा. दुसरी गोष्ट आवाजाची. या सेवेच्या चित्रीकरणात मैदानाचा आवाजही येतो आणि खांब नेहमी यजमान पाठीराख्यांच्याच बाजूला उभा असल्यामुळे तो आवाज एकतर्फी असतो. इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातील सत्तेचाळीस धडकींची दृश्ये दाखवली होती. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाऊल दिले. प्रशिक्षित पंचांवर, खोलीत बसून, हा परिणाम होतो, तर मैदानावरच्या ढोल-ताशाचा आणि घोषणांचा काय होत असेल! म्हणून आमच्याकडे आता सामना पाहताना आवाज बंद ठेवण्याची पद्धत आहे, आणि एवढ्याने चर्चा बरीच सौम्य होते. पक्षपात शोधायचा झाला तर तो पाकिटात शोधण्यापूर्वी या आवाजात शोधावा, असे मला वाटते. त्यात कोणी विकले गेलेले नसते, तरी निर्णय झुकलेला असू शकतो.

या सेवेचे खरे मोल जेथे आम्ही शोधत नव्हतो तेथे सापडले. चित्रफितीवर वेळेचा आकडा सतत चालू असतो, त्यामुळे वाया गेलेला वेळ मोजता येतो. दुखापती, बदली खेळाडू, गटारापलीकडे गेलेला चेंडू आणायला लागणारा वेळ, हे सर्व बेरीज करून पंचांनी दिलेल्या जादा वेळेशी ताडता येते. हे शुद्ध मोजमाप आहे आणि येथे पाठीराख्यांचा संशय कसोटीला लावता येतो. स्पेनमधील व्यावसायिक सामन्यांच्या अभ्यासातून, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात, यजमान संघ एका गोलने मागे असताना पंच अधिक जादा वेळ देतात आणि पुढे असताना कमी, असे आढळले होते. आमच्या चित्रफितींवर असा निष्कर्ष काढण्याइतके सामने नाहीत, पण एका सामन्यात ‘पंचांनी त्यांच्यासाठी वेळ वाढवला’ ही आमच्या मुलांची तक्रार आकडेमोडीत टिकली नाही. वाया गेलेला वेळ दिलेल्या वेळेपेक्षा जास्त निघाला, आणि तो बराचसा आमच्याच गोलरक्षकाने बुटाची नाडी बांधण्यात घालवला होता.

दुसरा उपयोग पंचांच्या जागेचा. रुंद चित्रात मुख्य पंच प्रत्येक क्षणी कुठे उभा होता, हे दिसते. ज्या निर्णयांवर आमच्या मुलांचा सर्वाधिक राग होता, त्यांतील कित्येक वेळा पंच घटनेपासून फार दूर, मध्यवर्तुळाच्या आसपास होता किंवा त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये तीन-चार खेळाडू होते. दिवसातील तिसरा सामना चालवणाऱ्या, दुपारच्या उन्हात पळणाऱ्या माणसाचे पाय थकतात, हे हंगामातील चित्रफिती ओळीने पाहिल्यावर कोणालाही कळते. हे चित्र पाहिल्यानंतर आमच्या संघातील दोन-तीन मुलांच्या बोलण्यातून ‘विकला गेलाय’ हा शब्द गेला आणि ‘पोहोचला नाही’ हा आला. तक्रारअर्जातही आम्ही आता तसेच लिहितो: एका दिवशी एका पंचाला किती सामने द्यावेत, याबद्दल.

शेवटची आणि सर्वांत गंभीर तक्रार सेवेच्या अटींबद्दल आहे. जो पैसे देतो त्यालाच चित्रफीत मिळते, आणि त्याने हवा तो तुकडा कापून व्हॉट्सअॅपवर फिरवायला कोणतीही आडकाठी नाही. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने वर सांगितलेल्या हँडबॉलचे दृश्य चेंडू आधी मांडीला लागल्याचा क्षण वगळून सगळीकडे पाठवले, आणि शहरातील निम्म्या फुटबॉलप्रेमींनी तेवढेच पाहून त्या पंचाविषयी मत बनवले. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांच्या लेखात अशीच एक गोष्ट आहे: डार्टमथच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाला सामन्याची चित्रफीत पाठवली गेली, तेव्हा ती पाहणाऱ्या सदस्याला आपल्या संघाचे ते गाजलेले नियमभंग दिसेनात, म्हणून त्याने तारेने कळवले की महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तो विमानटपालाने पाठवा. चित्रफीत पूर्ण असतानाही कापल्याचा संशय येतो. येथे तर सेवाच कात्री हातात देते.

ज्याच्यावर आरोप झाला त्या पंचाने या चित्रीकरणवाल्यांकडे संपूर्ण सामन्याची मागणी केली, तेव्हा ‘तुम्ही आमचे ग्राहक नाही’ असे उत्तर त्याला मिळाले. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण हे कळल्यावर आम्ही आमच्या खात्यातून त्याला संपूर्ण चित्रफीत पाठवली, आणि त्याने रात्री फोन करून त्या निर्णयाबद्दल चकार शब्द न काढता ‘दुसऱ्या सत्रात मी उजवीकडे कमी पळालो का’ एवढेच विचारले. पुढच्या हंगामाचे आरक्षण करताना आम्ही भाड्यात सवलत मागणार नाही. संपूर्ण मैदानाचे न कापलेले चित्रण दोन्ही संघांना आणि तिन्ही पंचांना एकाच वेळी मिळेल, हे लेखी मागणार आहोत. चित्रीकरणवाल्यांनी त्याला अद्याप होकार दिलेला नाही.